गव्हाचे कोडे सोडवणारे डॉक्टर डिके

मुलांनो, पोळी, पाव, शंकरपाळी आपण रोज आवडीने खातो. पण काही मुलांना हाच गहू सोसत नाही. हे ज्यांनी ओळखले, त्या डॉक्टरांची ही गोष्ट.

विलेम कारेल डिके यांचा जन्म १९०५ साली हॉलंडमधील डॉर्ड्रेख्ट या गावी झाला. लायडनला वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते बालरोगतज्ज्ञ झाले. १९३६ साली, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, हेग शहरातील जुलियाना बालरुग्णालयाचे ते प्रमुख झाले.

त्यांच्याकडे सीलिअ‍ॅक या आजाराची मुले येत. पोट फुगलेले, हातपाय काडीसारखे, सतत जुलाब, वजन वाढत नाही, स्वभाव चिडचिडा. १८८८ साली लंडनच्या सॅम्युअल गी या डॉक्टरांनी या आजाराचे नीट वर्णन केले होते. पण कारण कोणालाच सापडले नव्हते. अमेरिकेत डॉक्टर सिडनी हास अशा मुलांना केळी खायला देत. मुले सुधारत, म्हणून सर्वांना वाटे की केळ्यातच औषध आहे. खरे म्हणजे त्या आहारात पाव नव्हता! तरीही पुष्कळ मुले दगावत.

एका आईने डिके यांना सांगितले की पाव बंद केला की मुलाला बरे वाटते. डॉक्टरांनी ही गोष्ट हसण्यावारी नेली नाही. मुलांना गव्हाशिवाय आहार देऊन ते पाहू लागले आणि १९४१ साली त्यांनी त्याविषयी लेखही लिहिला.

पुढे महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, पश्चिम हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली. पाव मिळेना. लोकांनी ट्यूलिप फुलांचे कंदसुद्धा खाल्ले. हजारो माणसे मेली. अशा दिवसांत सीलिअ‍ॅकची मुले मात्र सुधारली, आणि पाव पुन्हा मिळू लागताच पुन्हा आजारी पडली. डिके यांचा संशय पक्का झाला.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. त्यांनी अनेक महिने मुलांचा आहार, वजन आणि शौचातून वाया जाणारी चरबी यांची नोंद ठेवली. १९५० साली त्यावर उट्रेख्ट विद्यापीठात प्रबंध सादर केला. मग वायर्स आणि व्हान द कामर या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी दाखवून दिले की दोष गव्हातल्या पिठूळ भागाचा नसून ग्लूटेन या चिकट प्रथिनाचा आहे. कणीक मळताना ताणली जाते, ती याच्यामुळेच.

हे ग्लूटेन पोटात काय करते? आपल्या लहान आतड्याच्या आतल्या बाजूस मखमलीसारखे लाखो बारीक उंचवटे असतात. अन्नाचे सत्त्व तेच शोषून घेतात. सीलिअ‍ॅक असलेल्यांचे शरीर ग्लूटेनला शत्रू समजते आणि त्या लढाईत स्वतःचेच हे उंचवटे झिजवून सपाट करते. मग कितीही खाल्ले तरी लोह, कॅल्शियम, चरबी अंगी लागत नाही. रक्त कमी होते, उंची खुंटते. ग्लूटेन पूर्ण बंद केले की उंचवटे हळूहळू पुन्हा वाढतात. मात्र हे पथ्य जन्मभर पाळावे लागते.

डॉक्टर डिके १९६२ साली, ५७ व्या वर्षी वारले. त्यांनी शोधलेले पथ्य हाच आजही या आजारावरचा मुख्य उपाय आहे. जगात शंभरातल्या सुमारे एकाला हा आजार असतो. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मित्राला असेल, तर वाढदिवसाचा केक नाकारला म्हणून त्याला हसू नका. त्याच्यासाठी चिवडा नाहीतर तांदळाचे लाडू ठेवा.

पालकांसाठी: गहू, मैदा, रवा, शेवया, जव आणि राय चालत नाहीत. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका चालतात. म्हणजे आपली भाकरी उत्तम! मात्र डबीतल्या हिंगात बहुधा कणीक किंवा मैदा मिसळलेला असतो, तेव्हा लेबल वाचावे. संशय आल्यास आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी आणि मगच गहू बंद करावा. नाहीतर तपासणीत आजार दिसत नाही.

गृहपाठ: घरातील गव्हाच्या दहा पदार्थांची नावे मराठीत लिहून आणा. हिंग विसरू नका!