डॉ. बाख यांची फुले आणि मुलांचे मन

परीक्षेची धास्ती, अंधाराची भीती, धाकट्या भावंडाचा हेवा, शाळा बदलल्यावर धरलेला अबोला. मुलांच्या अशा तक्रारींसाठी साखरेच्या गोळ्यांची किंवा थेंबांची एक छोटी बाटली आपल्याकडे अनेक घरांत असते. बाराक्षारांच्या जोडीने मिळणाऱ्या या पुष्पौषधी मुलांना द्याव्यात का, असे पालक ओपीडीत अनेकदा विचारतात. या औषधांचा जनक रीतसर शिकलेला, रुग्णालयात मुरलेला इंग्रज डॉक्टर होता. त्याचे आयुष्य समजून घेतले, तर या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे जाते.

एडवर्ड बाख यांचा जन्म २४ सप्टेंबर १८८६ रोजी बर्मिंगहॅमजवळच्या मोझली येथे झाला. वडिलांचा पितळेच्या ओतकामाचा कारखाना होता. शाळा संपल्यावर एडवर्ड सुमारे तीन वर्षे तिथेच राबले. आजारी पडलो तर मजुरी बुडेल, या धास्तीने कामगार दुखणे अंगावर काढत. ते त्यांनी जवळून पाहिले आणि डॉक्टर व्हायचे ठरवले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १९१२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधून त्यांचे वैद्यकीय शिक्षण पूर्ण झाले. पुढे केंब्रिजची सार्वजनिक आरोग्याची पदविकाही त्यांनी मिळवली.

पहिल्या महायुद्धात त्यांच्याकडे जखमी सैनिकांच्या ४०० हून अधिक खाटांची जबाबदारी होती. १९१७ हे वर्ष त्यांच्यासाठी फार वाईट ठरले. पहिली पत्नी घटसर्पाने गेली. जुलैमध्ये रक्तस्राव होऊन ते स्वतः कोसळले. शस्त्रक्रिया झाली, पण आता फार तर तीन महिने, असे सहकाऱ्यांनी सांगितले. हाती घेतलेले संशोधन तरी संपवू, म्हणून ते प्रयोगशाळेत परतले आणि रात्रंदिवस कामाला लागले. त्यानंतर ते १९ वर्षे जगले. मनाचा ध्यास शरीराला तारतो, ही त्यांची श्रद्धा याच अनुभवातून पक्की झाली असावी.

तेव्हा प्रतिजैविके आलेली नव्हती. जुनाट दुखण्यांवर डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. आतड्यातल्या जंतूंचा अशा दुखण्यांशी संबंध असावा, असे मानून बाख त्या जंतूंपासून लशी बनवत होते. १९१९ मध्ये ते लंडनच्या होमिओपॅथिक रुग्णालयात रुजू झाले आणि हानेमान यांच्या विचारांनी भारावले. त्यांनी या जंतूंचे सात गट पाडून त्यांच्यापासून होमिओपॅथीची औषधे तयार केली. हे करताना त्यांचे लक्ष रोगापेक्षा रोग्याच्या स्वभावाकडे अधिक जाऊ लागले. एकाच दुखण्याची दोन माणसे, पण एक चिडचिडा आणि दुसरा घाबरट. मग दोघांना एकच औषध कसे चालेल, असा त्यांचा प्रश्न होता.

१९२८ मध्ये त्यांनी पहिल्या तीन वनस्पती निवडल्या. त्यांतली एक आपल्या ओळखीच्या कुळातली आहे. गौरी-गणपतीच्या दिवसांत आपल्याकडे फुलणाऱ्या तेरड्याची ही हिमालयातली बहीण. एकोणिसाव्या शतकात बागेची शोभा म्हणून ती इंग्लंडात नेली गेली आणि नदीकाठांवर रानोमाळ पसरली. पिकलेल्या बोंडाला बोट लागताच ते फुटते आणि बिया उडतात. या कुळाचे लॅटिन नावही उतावळेपणा सुचवणारेच आहे. बाख यांनी हे फूल नेमके उतावळ्या माणसांसाठी सांगितले. नाव, रूप आणि उपयोग यांचा मेळ मोहक आहे, पण मेळ जुळला म्हणजे गुण सिद्ध झाला, असे होत नाही.

१९३० मध्ये लंडनमधला चालता व्यवसाय सोडून ते वेल्सच्या डोंगरांत आणि इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर फुले शोधत फिरू लागले. नोरा वीक्स ही सहकारी त्यांच्यासोबत होती. पाकळ्यांवरच्या दवात सूर्याच्या उष्णतेने फुलाचा गुण उतरतो, अशी त्यांची कल्पना होती. पुरेसे दव गोळा करणे अवघड, म्हणून काचेच्या वाडग्यात झऱ्याचे पाणी घेऊन त्यावर फुले तरंगत ठेवायची आणि वाडगा सुमारे तीन तास उन्हात ठेवायचा. कठीण फांद्या-मोहोर असतील, तर अर्धा तास उकळायचे. पाणी गाळून त्यात तितकीच ब्रँडी घालायची आणि त्या मूळ अर्काचे दोन-दोन थेंब पुढच्या बाटलीत टाकायचे. १९३५ पर्यंत अशी ३८ औषधे झाली. त्यांतले एक तर फुलाचे नाहीच, ते नुसते झऱ्याचे पाणी आहे.

शेवटची १९ औषधे त्यांनी कशी शोधली, हे डॉक्टर म्हणून मला महत्त्वाचे वाटते. एखादी उदासी किंवा भीती ते स्वतः अनुभवत आणि जे फूल जवळ केल्यावर मनाला बरे वाटे, ते निवडत. ज्या माणसाने आयुष्याची उमेदीची वर्षे प्रयोगशाळेत घालवली, त्याने इथे तुलना करणेच सोडून दिले. औषध घेतलेले आणि न घेतलेले रुग्ण शेजारी ठेवून पाहिलेच नाहीत.

१९३४ पासून ते ब्राइटवेल-कम-सॉटवेल या खेड्यात माउंट व्हर्नन नावाच्या लहानशा घरात राहिले. शेवटच्या वर्षांत ते रुग्णांकडून पैसे घेत नसत. औषधांची जाहिरात केल्याबद्दल आणि पदवी नसलेले मदतनीस ठेवल्याबद्दल ब्रिटिश वैद्यक परिषदेने त्यांना ताकीद दिली. ते बधले नाहीत. २७ नोव्हेंबर १९३६ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, झोपेतच त्यांचा मृत्यू झाला.

त्यांनी न केलेली तुलना पुढे इतरांनी केली. इस्रायलमध्ये अतिचंचलतेचा त्रास असलेल्या ७ ते ११ वर्षांच्या ४० मुलांना तीन महिने पुष्पौषधी किंवा तसेच दिसणारे निव्वळ द्रावण दिले गेले. कोणाला काय मिळाले, हे मुलांना, पालकांना वा डॉक्टरांना ठाऊक नव्हते. २००५ मध्ये निष्कर्ष छापला गेला. दोन्ही गटांत फरक नव्हता. परीक्षेच्या भीतीवरच्या चाचण्यांतही तेच दिसले. २०१० मध्ये एडझार्ड अर्न्स्ट यांनी अशा सगळ्या काटेकोर चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हाही पुष्पौषधी निव्वळ द्रावणापेक्षा सरस ठरल्या नाहीत.

मग गुण आल्याचे अनेक पालक सांगतात ते खोटे का? मुळीच नाही. मुलांच्या बऱ्याच भीती वाढत्या वयाबरोबर ओसरतात. औषध निवडण्यासाठी कोणी तरी मुलाला तासभर विचारते, ऐकते. घरचे त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात, रागावणे कमी होते. मूल सावरते आणि श्रेय बाटलीला मिळते.

चार थेंबांनी मुलाला सहसा अपाय होत नाही, तरी मूळ अर्कात मद्य असते हे विसरू नये. खरा धोका वेळ वाया जाण्याचा आहे. झोप किंवा भूक उडालेली, शाळेत जाणे बंद, खेळणे सुटलेले, अंथरूण पुन्हा ओले होऊ लागलेले, स्वतःला इजा करण्याची किंवा मरणाची भाषा, यांपैकी काही दिसले तर बाटली बदलत बसू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. मरणाची भाषा असेल, तर मुलाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मुलांच्या चिंतेवर समुपदेशन आणि वर्तनोपचार तपासून पाहिलेले आहेत आणि त्यांचा उपयोग होतो.

बाख यांच्याकडून घेण्यासारखे मात्र काही उरते. १९३१ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी पालकांविषयीही लिहिले. मुलावर आपली इच्छा लादू नये, त्याला त्याच्या वाटेने वाढू द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. ज्याची भीती आहे ते सांगता येणारे मूल आणि कशाची भीती वाटते हेच न सांगता येणारे मूल यांत त्यांनी फरक केला आणि दोघांसाठी वेगळी फुले दिली. फुले बाजूला ठेवली तरी तो फरक ओळखण्याची नजर उपयोगी आहे. आज रात्री निजवताना मोबाइल दूर ठेवा आणि मुलाला दिवस कसा गेला ते विचारा. उत्तर यायला वेळ लागला, तरी मध्ये बोलू नका.