स्वयंभू संख्या म्हणजे काय? डहाणूत जन्मलेल्या कापरेकर मास्तरांचा शोध

वसई-विरार : ६१७४ या संख्येमुळे जगाला माहीत झालेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर मूळचे आपल्या डहाणूचे. जन्म १९०५. पदवी बीएस्सी, नोकरी देवळालीच्या शाळेत, १९३० ते १९६२. शोधांच्या पुस्तिका ते स्वतःच छापून घेत. देशातल्या अनेक गणितज्ञांना तो पोरखेळ वाटे.

खेळ असा. कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. ९१ + १० = १०१, म्हणून ९१ हा १०१ चा जनक. ९७ मात्र अशी कुठूनच मिळत नाही. अशा बिनजनकाच्या संख्यांना मास्तरांनी 'स्वयंभू' म्हटले. ९७ मूळ संख्याही आहे.

आता एक अवाढव्य मूळ संख्या घ्या : ओळीने १९ वेळा १. तीही स्वयंभू? मागच्या १७१ संख्या तपासल्या की पुरे, कारण १९ अंकांची बेरीज त्यापुढे जातच नाही. ३२ ने मागे या. तिथे सोळा वेळा १ आणि शेवटी ०७९. अंकांची बेरीज करा, ३२ च येते! जनक सापडला, म्हणजे ही स्वयंभू नाही. कॅल्क्युलेटरही लागला नाही. याला पोरखेळ म्हणणे जरा घाईचेच.

१९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील सदरात त्यांच्याबद्दल लिहिले आणि नाव जगभर गेले. तोवर मास्तरांच्या निवृत्तीला १३ वर्षे झाली होती. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.