कुसुमचे दादा, नाशिकचे तात्या

मैत्रिणींनो, यंदाच्या २७ फेब्रुवारीला आमच्या छोट्याशा गावात मराठी भाषा गौरव दिनाचे तीन कार्यक्रम झाले. एक वाचनालयाचा, एक आमच्या महिला मंडळाचा आणि एक दुसऱ्या मंडळाचा. तिन्ही संध्याकाळी पाचला! तिन्हीकडे कुसुमाग्रजांचा तोच फोटो, तसाच झेंडूचा हार आणि समोर जेमतेम पंधरा-वीस बायका. आमच्या शेजारची सून तर कुठेच आली नाही. तिच्या सासूबाई एका मंडळात, जाऊबाई दुसऱ्यात. एकीकडे जावं तर दुसरी रुसणार, म्हणून बिचारी घरीच बसली. वर्षातून दोन-चारदा तिला बाहेर पडायला मिळतं, त्यातला एक दिवस असा गेला. सतरंज्या गोळा करताना मला फार वाईट वाटलं. ज्यांच्या फोटोला आपण हार घातला, त्यांनी आयुष्यभर काय केलं, हे आपल्याला खरंच ठाऊक आहे का?

विष्णु वामन शिरवाडकर म्हणजे कुसुमाग्रज, आणि नाशिककरांचे तात्यासाहेब. जन्म २७ फेब्रुवारी १९१२, पुण्याचा. मूळ नाव गजानन. काकांना दत्तक गेले आणि विष्णु वामन झाले. लहानपण पिंपळगाव बसवंतला गेलं. आज द्राक्षांसाठी प्रसिद्ध असलेलं, तेच हे पिंपळगाव. घरात सहा भाऊ आणि एकच बहीण, कुसुम. तिचा अग्रज, म्हणजे मोठा भाऊ, म्हणून कुसुमाग्रज. महाराष्ट्राचा एवढा मोठा कवी जगापुढे आला तो बहिणीचं नाव लावून! आपण लग्नानंतर नाव बदलण्यावर किती बोलतो, पण ही गोष्ट किती जणींनी मुलींना सांगितली आहे?

शाळा-कॉलेज नाशिकलाच. काळाराम मंदिरात दलित बांधवांना प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९३० पासून सत्याग्रह चालू होता. विशीतला हा ब्राह्मण घरातला तरुण त्यात सामील झाला. त्या काळात घरीदारी काय ऐकावं लागलं असेल, याची कल्पना आपण करू शकतो. पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, त्यांनी मित्रांना जमवून ध्रुव मंडळ काढलं. पहिला कवितासंग्रह ‘जीवनलहरी’ त्याच वर्षीचा. म्हणजे कविता आणि मंडळ, दोन्ही एकदमच सुरू झालं म्हणायचं!

मग पोटापाण्यासाठी धडपड. नाशिकच्या गोदावरी सिनेटोनमध्ये त्यांनी चित्रपटासाठी लिहिलं, ‘सती सुलोचना’त लक्ष्मणाची भूमिकाही केली. नंतर बरीच वर्षं वर्तमानपत्रांत आणि साप्ताहिकांत नोकरी. १९४२ मध्ये ‘विशाखा’ आला. तो प्रसिद्ध केला वि. स. खांडेकरांनी. स्वतः नावाजलेला लेखक, पण दुसऱ्याच्या कविता छापायला पुढे आला. पुढे ज्ञानपीठ मिळवणारे पहिले मराठी लेखक खांडेकर आणि दुसरे कुसुमाग्रज (१९८७), हा योगही बघा कसा जुळून आला.

१९४४ मध्ये लग्न झालं. पत्नीचं नाव मनोरमाबाई. पुढे तात्यांनी नाशिकलाच मुक्काम केला. नाटकं मुंबईत गाजत होती. ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० चा. गोवा हिंदु असोसिएशनने तो केला, आणि डॉ. श्रीराम लागूंचा अप्पा बेलवलकर लोक आजही विसरलेले नाहीत. १९७४ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण तो आनंद बघायला मनोरमाबाई नव्हत्या, १९७२ मध्येच त्या गेल्या होत्या. एकट्या पडलेल्या तात्यांनी तरीही गाव सोडलं नाही. त्यांच्या घराचं दार सगळ्यांना उघडं होतं, असं नाशिकची जुनी माणसं सांगतात.

आता मुद्द्याची गोष्ट. १९५० मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर नाशिकला लोकहितवादी मंडळ सुरू केलं. या मंडळाने नाटकं बसवली, गावातल्या हौशी कलावंतांना हक्काची जागा दिली. दुसरीकडे १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय, ज्याला नाशिककर लाडाने ‘सावाना’ म्हणतात. तिथलं अध्यक्षपदही तात्यांनी सांभाळलं. माझी संस्था, तुझी संस्था असं त्यांनी केलं नाही. ज्याच्याकडे नट होते त्याचे नट, ज्याच्याकडे पुस्तकं होती त्याची पुस्तकं, पण गाव एकच!

१९९० मध्ये कुसुमाग्रज प्रतिष्ठान उभं राहिलं. ते काही फक्त कवितेपुरतं राहिलं नाही. १९९१ पासून साहित्यासाठी जनस्थान पुरस्कार सुरू झाला. जनस्थान हे नाशिकचंच जुनं नाव. पहिला मान विजय तेंडुलकरांना मिळाला. १९९५ मध्ये इंदिरा संत, २०२३ मध्ये आशा बगे, अशा आपल्या लेखिकांनाही तो मिळाला. गोदावरी गौरव पुरस्कारात तर नाटक, संगीत, चित्रकला, विज्ञान, खेळ, लोकसेवा असे सगळेच एका व्यासपीठावर! शिवाय आदिवासी पाड्यांवरचं कामही तात्यांना तितकंच जवळचं होतं.

१० मार्च १९९९ रोजी तात्यासाहेब गेले. पण त्यांनी लावलेली सवय राहिली. प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम २००९ पासून पुस्तकांच्या पेट्या घरोघरच्या वाचकांपर्यंत नेतो. पुढे त्या परदेशातल्या मराठी घरांतही गेल्या. एका घरी पेटी ठेवायची, आजूबाजूच्यांनी वाचायची, नंतर पेटी बदलायची. आपल्या भिशीसारखंच की! आणि डिसेंबर २०२१ मध्ये करोनाच्या धास्तीत नाशिकला ९४ वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा यजमानपद घेतलं ते लोकहितवादी मंडळानेच. एकाहत्तर वर्षांपूर्वी लावलेलं रोप असं कामी आलं.

त्यांचा वाढदिवस राज्य सरकारने २०१३ पासून मराठी भाषा गौरव दिन ठरवला. त्याच दिवशी आपण तीन चुली मांडाव्यात, हे मनाला पटेना. म्हणून मागच्या आठवड्यात मी वाचनालयात गेले आणि मग त्या दुसऱ्या मंडळाच्या अध्यक्षबाईंकडे. पुढच्या वर्षी एकच कार्यक्रम करू म्हटलं. जागा वाचनालयाची, गाणी त्यांच्या भजनी ग्रुपची, नाटुकलं आमचं. वाचनालयवाले लगेच तयार झाले. अध्यक्षबाई मात्र पत्रिकेत पहिलं नाव कोणाचं यावर अडल्या. खरं सांगायचं तर आमच्या मंडळातही तोच प्रश्न निघाला! मी सुचवलंय, नावं अकारविल्हे घालू. मग आमचं मंडळ सगळ्यात शेवटी येतं. येऊ दे.

बैठक अजून व्हायची आहे. जमेल की नाही, माहीत नाही. पण त्या दिवशी शेजारची सून, तिच्या सासूबाई आणि जाऊबाई एकाच सतरंजीवर बसलेल्या मला बघायच्या आहेत. तुमच्या गावात किती सतरंज्या आहेत, मैत्रिणींनो?