गास्तों ज्युलिया

गास्तों मोरिस ज्युलिया (३ फेब्रुवारी, १८९३:सिदी बेल अब्बेस, अल्जीरिया - १९ मार्च, १९७८:पॅरिस, फ्रान्स) हे फ्रेंच गणितज्ञ होते. परिमेय फलनांच्या पुनरावर्तनासंबंधी त्यांनी १९१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधामुळे ते ओळखले जातात. या प्रबंधात अभ्यासलेल्या बिंदुसंचांना आज ज्युलिया संच म्हणतात. फ्रॅक्टल चित्रे काढणारी आज्ञावली स्वतः लिहू पाहणारा विद्यार्थी बहुधा ज्युलिया संचापासून किंवा त्याच्याशी निगडित असलेल्या मँडेलब्रॉट संचापासून सुरुवात करतो. ज्युलिया यांचे स्वतःचे काम मात्र संगणकाच्या कितीतरी आधीचे, केवळ तर्क आणि कागद-लेखणीच्या बळावर केलेले आहे.

बालपण आणि शिक्षण

ज्युलिया यांचा जन्म त्या वेळी फ्रेंच अमलाखाली असलेल्या अल्जीरियातील सिदी बेल अब्बेस या गावी झाला. त्यांचे वडील शेतीची यंत्रे दुरुस्त करणारे कारागीर होते. ओरान येथील शिक्षणानंतर शिष्यवृत्ती मिळवून ते पॅरिसला गेले. १९११ साली एकोल नोर्माल आणि एकोल पॉलितेक्निक या दोन्ही नामांकित संस्थांच्या प्रवेशपरीक्षांत ते पहिले आले. त्यांपैकी एकोल नोर्मालची त्यांनी निवड केली.

पहिले महायुद्ध

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच ज्युलिया यांना पायदळात दाखल व्हावे लागले. २५ जानेवारी १९१५ रोजी शमँ दे दाम या आघाडीवर त्यांच्या चेहऱ्यावर गोळी लागली आणि त्यांचे नाक गेले. तेव्हा ते २२ वर्षांचे होण्यास काही दिवस उरले होते. पुढे अनेक शस्त्रक्रिया झाल्या, तरी नाक पूर्ववत होऊ शकले नाही. उर्वरित आयुष्यभर त्यांनी चेहऱ्यावर कातडी पट्टी बांधली. त्यांच्या बहुतेक छायाचित्रांत ही पट्टी दिसते.

रुग्णालयातील शस्त्रक्रियांच्या मधल्या काळातही त्यांचे संशोधन चालू राहिले. १९१७ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. तिचा विषय संख्या सिद्धांतातील द्विचल रूपे हा होता, पुनरावर्तन नव्हे. रुग्णालयात परिचारिका म्हणून सेवा करणाऱ्या मारियान शोसों यांच्याशी १९१८ मध्ये त्यांचा विवाह झाला. मारियान या प्रसिद्ध संगीतकार अर्नेस्त शोसों यांच्या कन्या. या दांपत्यास सहा मुलगे झाले. त्यांपैकी मार्क ज्युलिया यांनी रसायनशास्त्रात नाव मिळवले.

१९१८चा प्रबंध आणि फातू यांच्याशी वाद

फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने १९१५ साली जाहीर केले, की १९१८चे गणितातील मोठे पारितोषिक पुनरावर्तनावरील संशोधनास दिले जाईल. पुनरावर्तन म्हणजे एकच क्रिया आपल्याच उत्तरावर पुन्हा पुन्हा करीत जाणे. एखादी संख्या घ्यावी, तिचा वर्ग करून त्यात एक ठरलेली संख्या मिळवावी, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करावे. काही आरंभबिंदूंपासून निघालेली संख्यामाला अनंताकडे धावते, काहींपासून निघालेली मर्यादित राहते. या दोन प्रदेशांमधील सीमा हीच ज्युलिया संच होय आणि ती क्वचितच साधी रेषा असते.

याच प्रश्नावर पॅरिस वेधशाळेतील खगोलशास्त्रज्ञ प्येर फातू (१८७८ - १९२९) हेही काम करीत होते. दोघांनीही पॉल मोंतेल यांच्या सामान्य फलनकुलांच्या सिद्धांताचा आधार घेतला होता आणि दोघांचे मुख्य निष्कर्ष जवळजवळ सारखे होते. १९१७ मध्ये ज्युलिया यांनी आपले निष्कर्ष मोहोरबंद पाकिटांत घालून अकादमीकडे ठेवले होते. त्या वर्षीच्या डिसेंबरात फातू यांचे टिपण अकादमीच्या वृत्तपत्रिकेत प्रसिद्ध झाले, तेव्हा ज्युलिया यांनी अग्रहक्काचा दावा केला. पाकिटे उघडून तपासण्यात आली आणि निर्णय ज्युलिया यांच्या बाजूने लागला. फातू यांनी स्पर्धेसाठी प्रबंध पाठवला नाही. ज्युलिया यांचा सुमारे २०० पानांचा प्रबंध १९१८ साली प्रसिद्ध झाला आणि पारितोषिकही त्यांनाच मिळाले.

फातू यांनी आपले विस्तृत लेख १९१९ व १९२० मध्ये फ्रेंच गणित परिषदेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. सीमेला आज ज्युलिया संच आणि तिच्याबाहेरील प्रदेशाला फातू संच म्हणतात. नावांची ही वाटणी दोघांच्या कामाला बऱ्याच अंशी न्याय देणारी आहे. त्या काळी पारितोषिकाने तो दिला नव्हता.

दोघांची दृष्टी मात्र वेगळी होती. ज्युलिया यांनी ज्यांच्यापासून जवळचे बिंदू दूर लोटले जातात अशा आवर्ती बिंदूंपासून सुरुवात केली. फातू यांनी पुनरावर्तित फलनांचे कुल कोठे सामान्य राहत नाही, हे पाहिले. दोन्ही मार्ग एकाच संचापाशी पोहोचतात.

ज्युलिया संचाचे रेखाटन

१९२५ साली बर्लिनमध्ये या सिद्धांतावर चर्चासत्र झाले. त्यावरील आपल्या लेखात हुबर्ट क्रेमर यांनी एका ज्युलिया संचाची हाताने काढलेली आकृती दिली. असे चित्र हाताने काढण्यास किती श्रम पडत असतील, हे आज्ञावलीचे गणित मांडले की कळते.

संमिश्र संख्येचा वास्तव भाग क्ष आणि काल्पनिक भाग य मानला, तर ती प्रतलावरील एक बिंदू असते. मिळवायच्या स्थिर संख्येचे भाग अ आणि ब मानावेत. मग प्रत्येक पायरीला नवा क्ष = क्ष² − य² + अ आणि नवा य = २ × क्ष × य + ब. पडद्यावरील प्रत्येक पिक्सेल प्रतलावरील एका बिंदूशी जोडावा. दोन्ही अक्षांवर −२ ते २ एवढा पट्टा सुरुवातीस पुरतो. त्या बिंदूपासून वरील क्रिया करीत राहावे. क्ष² + य² ही बेरीज ४ पेक्षा जास्त झाली, की बिंदू निसटला असे समजून थांबावे आणि किती पायऱ्या लागल्या त्यानुसार रंग द्यावा. अंतर २ पेक्षा जास्त आहे का हे पाहण्यासाठी वर्गमूळ काढावे लागत नाही, हा ४ शी तुलना करण्याचा फायदा. (स्थिर संख्या स्वतः आरंभबिंदूपासून २ पेक्षा दूर नसेल तेव्हाच ही मर्यादा पुरते.) ठरावीक पायऱ्यांनंतरही बिंदू निसटला नाही, तर त्यास काळा रंग देतात.

आज्ञावली बरोबर आहे की नाही हे −१ ही स्थिर संख्या घेऊन हातानेच पडताळता येते. ० पासून निघाल्यास ०, −१, ०, −१ असे चक्र फिरत राहते. २ पासून निघाल्यास ३, ८, ६३ अशी संख्या वाढत जाते. स्थिर संख्या ० घेतली, तर संच म्हणजे १ त्रिज्येचे वर्तुळ; −२ घेतली, तर −२ पासून २ पर्यंतचा रेषाखंड. बाकी जवळजवळ सर्व संच याहून कितीतरी गुंतागुंतीचे असतात.

नवशिक्यांच्या दोन चुका नेहमीच्या आहेत. पहिली, नवा क्ष ताबडतोब जुन्याच्या जागी साठवून मग त्यावरूनच य काढणे. जुना क्ष वेगळा जपावा लागतो. दुसरी, पडद्यावरील ओळी वरून खाली मोजल्या जातात हे विसरणे. त्यामुळे चित्र उलटे येते, पण स्थिर संख्या वास्तव असेल तर आकृती वर-खाली सारखीच असल्याने ही चूक लक्षातच येत नाही. अ = −०.१२३, ब = ०.७४५ असा संमिश्र स्थिरांक घेतला, की ती उघडी पडते. या संचास आद्रियाँ दुआदी यांच्या नावावरून दुआदीचा ससा म्हणतात.

८०० × ८०० पिक्सेलच्या चित्रात ६,४०,००० बिंदू असतात. प्रत्येकास जास्तीत जास्त २०० पायऱ्या दिल्या, तर एकूण १२ कोटी ८० लाखांपर्यंत पायऱ्या होऊ शकतात. आजच्या साध्या संगणकासही हे काम अवघड नाही. चित्र मोठे करीत गेल्यास मात्र दशांश संख्यांच्या अचूकतेची मर्यादा आड येते. नेहमीच्या दुहेरी अचूकतेत सुमारे १५ ते १६ सार्थ अंक मिळतात. त्यापलीकडे चित्र चौकोनी ठोकळ्यांसारखे दिसू लागते.

या आज्ञावलीत ज्युलिया आणि फातू यांचा एक सिद्धांत थेट उपयोगी पडतो. संच अखंड आहे की धुळीसारखा विखुरलेला, हे ठरवण्यासाठी सर्व प्रतल तपासण्याची गरज नसते. केवळ ० या बिंदूपासून निघालेली संख्यामाला पाहिली की पुरते. ती मर्यादित राहिली तर संच अखंड, निसटली तर विखुरलेला. ज्या स्थिर संख्यांसाठी ती मर्यादित राहते, त्या सर्वांचा संच म्हणजेच मँडेलब्रॉट संच.

अध्यापन आणि उत्तरायुष्य

१९२५ साली ज्युलिया सॉर्बोन येथे प्राध्यापक झाले. पुढे एकोल पॉलितेक्निकमध्येही त्यांनी भूमिती शिकवली. १९३४ मध्ये त्यांची विज्ञान अकादमीवर निवड झाली आणि १९५० मध्ये ते तिचे अध्यक्ष झाले. नंतरच्या काळात त्यांनी हिल्बर्ट अवकाशावर आणि पुंज सिद्धांताच्या गणिती पायावर लेखन केले. जपानी गणितज्ञ कियोशी ओका यांनी पॅरिसमधील वास्तव्यात त्यांच्यापाशी अध्ययन केले. त्यांच्या नावाने १९३३ ते १९३९ या काळात चाललेल्या चर्चासत्रात बूर्बाकी गटातील तरुण गणितज्ञ सहभागी होत. त्यांचे समग्र लेखन १९६८ ते १९७० या काळात सहा खंडांत प्रसिद्ध झाले.

पुनरावर्तनाचा विषय या काळात बराचसा मागे पडला होता. बेन्वा मँडेलब्रॉट यांना त्यांचे काका, गणितज्ञ झोलेम मँडेलब्रॉइट, यांनी तरुणपणीच ज्युलिया यांचा प्रबंध वाचण्यास सुचवले होते आणि एकोल पॉलितेक्निकमध्ये ज्युलिया त्यांचे शिक्षकही होते. तरीही मँडेलब्रॉट त्या विषयाकडे वळले ते सुमारे तीन दशकांनी, आयबीएमच्या संशोधन केंद्रात संगणक हाती आल्यावर. १९७९ - ८० च्या सुमारास त्यांनी ज्युलिया संचांची आणि पुढे त्यांच्या नावाने ओळखल्या गेलेल्या संचाची चित्रे काढली. त्याआधीच, १९ मार्च १९७८ रोजी, वयाच्या ८५व्या वर्षी पॅरिस येथे ज्युलिया यांचे निधन झाले होते.

३ फेब्रुवारी २००४ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, गूगलने आपल्या मुखपृष्ठावरील बोधचिन्ह ज्युलिया संचाच्या आकृतीने सजवले होते.