अजिंठ्याच्या भिंतींपुढील शाळा : जॉन ग्रिफिथ्स यांचे जीवनकार्य

आपल्या छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे १०० किलोमीटरवरील अजिंठा लेणी पाहावयास जगभरातून लोक येतात. परंतु याच भिंतींसमोर बसून, त्यांवरील आकृत्यांच्या नकला करीत मुंबईच्या तरुणांनी तैलरंगाचा सराव केला, हे थोड्यांनाच ठाऊक असते. त्यांचे गुरू जॉन ग्रिफिथ्स यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

ग्रिफिथ्स यांचा जन्म १८३७ साली वेल्समध्ये झाला. लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन येथील कलाशाळेत शिक्षण घेऊन १८६५ साली ते मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत अध्यापक म्हणून आले. पुढे तिचे प्रमुखपदही त्यांनी भूषविले. त्या काळी विद्यार्थ्यांपुढे युरोपीय नमुने ठेवण्याची प्रथा होती. भारतीय विद्यार्थ्याला भारतीय कलेहून उत्तम पाठ नाही, असे ग्रिफिथ्स यांचे मत बनले. १८७२ पासून ते विद्यार्थ्यांना अजिंठ्यास नेऊ लागले. पुढे नामवंत झालेले पेस्तनजी बोमनजी त्यांच्यापैकीच एक. हे काम १८८५ पर्यंत चालले व सुमारे ३०० चित्रे तयार झाली.

मूळ चित्रे मातीच्या गिलाव्यावर, चुन्याच्या पातळ थरावर, कोरड्या रंगांत काढलेली. नकला मात्र कॅनव्हासवर तैलरंगात. माध्यम बदलले तरी रेषेचा डौल, हातांची मुद्रा व देहाचा बाक हरवू नये, यातच विद्यार्थ्याची कसोटी होती. सतराव्या लेण्याच्या ओसरीत मानवी जीवनाचे रूपक असलेले भवचक्र आहे. सोळाव्यात मरणोन्मुख राजकन्या आहे. या राजकन्येच्या चित्रातील भावदर्शन ग्रिफिथ्स यांना अतुलनीय वाटे. फ्लॉरेन्सच्या चित्रकारांचे रेखाटन वा व्हेनिसच्या चित्रकारांचे रंग सरस असतील, परंतु भाव याहून अधिक कोणी दाखवू शकले नसते, असे ते मानीत.

या कार्याची दुसरी बाजू सांगणेही आमचे कर्तव्य आहे. धूसर चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून भिंतींवर वार्निश लावण्यात आले आणि त्याने मूळ रंगांचे नुकसान झाले. पुढे १९२० साली निजाम सरकारने इटलीहून बोलावलेल्या तज्ज्ञांनीही लाखेचा लेप वापरला. तोही कालांतराने पिवळा पडला. हेतू चांगला असला तरी साधन निर्दोष असतेच असे नाही.

नकलांचे दैवही कठीण निघाले. ग्रिफिथ्स यांच्या आधी रॉबर्ट गिल या सैनिकी अधिकाऱ्याने अनेक वर्षे खपून काढलेली बहुतेक तैलचित्रे १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली होती. १८८५ साली साऊथ केन्सिंग्टन येथील आगीत ग्रिफिथ्स यांच्या चमूची शंभराहून अधिक चित्रे नष्ट झाली. तरीही ते खचले नाहीत. १८९६-९७ साली अजिंठ्यावरील त्यांचा द्विखंडी सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९१८ साली इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

उरलेली चित्रे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. भिंतीवरून जे गळून गेले, त्यातील काही भाग आज केवळ या नकलांत पाहावयास मिळतो. अजिंठ्यास जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी कॅमेरा क्षणभर बाजूस ठेवून एखादा हात, एखादा चेहरा कागदावर उतरवून पाहावा, असे आम्हांस मनापासून वाटते. नकल करणाऱ्याला आधी नीट पाहावे लागते, आणि ग्रिफिथ्स यांनी शिकविलेला पहिला धडा तोच होता.