बहिष्कृताचा ईश्वर

एखाद्याला वाळीत टाकणे म्हणजे काय, हे कोकण-गोमंतकातील माणसाला समजावून सांगावे लागत नाही. वाळीत पडलेल्याच्या घरच्या कार्याला कोणी पानावर बसत नाही, त्याच्या मुलामुलींच्या सोयरिकी जुळत नाहीत आणि घरात मृत्यू झाला तर खांदा द्यायला चार माणसे मिळत नाहीत. कोणी समुद्रपर्यटन केले म्हणून, कोणी विधवेशी विवाह केला म्हणून, कोणी चुकीच्या पंक्तीत जेवला म्हणून आपल्याकडे ग्रामण्ये माजली. त्यांतले बहुतेक जण प्रायश्चित्त घेऊन परतले. काही जन्मभर कडवट होऊन राहिले, तर काहींनी दुसऱ्या धर्माचा आसरा घेतला. प्रायश्चित्त नाकारून, कडवटपणा टाळून आणि दुसऱ्या कोणत्याही देवळाचा उंबरठा न ओलांडता जो आपला शोध चालू ठेवतो, त्याच्या हाती अखेर काय लागते? या प्रश्नाचे उत्तर देणारे एक चरित्र सतराव्या शतकातील हॉलंडमध्ये घडले. ते बारुख स्पिनोझा याचे.

२७ जुलै १६५६ रोजी ॲमस्टरडॅममधील पोर्तुगीज ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात एक निवेदन वाचून दाखवण्यात आले. तेवीस वर्षांच्या या तरुणाला समाजातून काढून टाकले असून त्याच्याशी कोणी बोलू नये, पत्रव्यवहार करू नये, एका छपराखाली राहू नये, चार हातांच्या आत त्याच्याजवळ जाऊ नये आणि त्याने लिहिलेले काही वाचू नये, असे त्यात बजावले होते. रात्रंदिवस, उठता-बसता तो शापित राहो, असे तळतळाटही त्यात होते. त्याचा अपराध नेमका कोणता, हे मात्र त्या निवेदनात स्पष्टपणे सांगितलेले नाही. पाखंडी मते आणि घोर कृत्ये, एवढाच मोघम उल्लेख आहे. निवेदनाची भाषा पोर्तुगीज होती.

ही भाषा गोमंतकीय वाचकाच्या कानाला खटकल्याखेरीज राहणार नाही. त्याच काळात, त्याच भाषेत, जुन्या गोव्यात धर्मन्यायसभेचे निवाडे वाचले जात होते. पोर्तुगालमधील ज्यूंचे १४९७ साली सक्तीने धर्मांतर करण्यात आले. १५३६ साली तेथे धर्मन्यायसभा स्थापन झाली आणि १५६० साली ती गोव्यात आली. मधला अल्प खंड सोडल्यास १८१२ पर्यंत ती येथे टिकली. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आणि शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला गेली ती याच अमदानीत. बाटलेल्या ज्यूंपैकी अनेक जण वरकरणी ख्रिस्ती राहून घरात गुपचूप जुने आचार पाळीत, आणि त्यांच्या मागावर हे न्यायासन सतत असे. ‘कोलोकियुश’ हा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापणारा वैद्य गार्सिया द ऑर्ता याच वंशातला. तो १५६८ साली मरण पावला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जिवंत जाळण्यात आले, आणि १५८० साली खुद्द त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. आमच्या देवांना नदीपार जावे लागले आणि स्पिनोझाच्या पूर्वजांना समुद्रपार जावे लागले. दोहोंच्या मागे लागलेला हात एकच होता.

स्पिनोझाचा पिता पोर्तुगालमधील व्हिदिगेइरा या गावी जन्मला. हे कुटुंब फ्रान्समधील नांत येथून हॉलंडमध्ये आले आणि ॲमस्टरडॅममध्ये स्थिरावले. तेथेच २४ नोव्हेंबर १६३२ रोजी बारुखचा जन्म झाला. घरात त्याला बेंतो म्हणत. बारुख काय, बेंतो काय आणि पुढे त्याने लॅटिनमध्ये घेतलेले बेनेडिक्टस काय, तिन्हींचा अर्थ एकच : आशीर्वाद लाभलेला. आई तो सहा वर्षांचा होण्यापूर्वीच गेली. वडील सुकामेव्यासारख्या मालाचे व्यापारी आणि समाजाच्या कारभारातील मानाची असामी होते. मुलगा समाजाच्या पाठशाळेत हिब्रू व धर्मशास्त्र शिकला. १६५४ साली वडील वारल्यावर त्याने भाऊ गाब्रिएल याच्यासह पेढी चालवली. पेढीवर कर्ज होते, आणि त्याचे मन पेढीत नव्हतेच. फ्रान्स व्हान डेन एन्डेन या स्वतंत्र विचारांच्या शिक्षकाकडे तो लॅटिन शिकू लागला, आणि त्या वाटेने देकार्तचे तत्त्वज्ञान व नवे गणितशास्त्र त्याच्यापर्यंत पोहोचले.

ज्या समाजाने त्याला घालवले, त्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. हे लोक छळातून सुटून आलेले होते. पिढ्यान्‌पिढ्या चोरून जपलेला धर्म त्यांना पुस्तकांतून आणि बाहेरून आणलेल्या पंडितांकडून नव्याने शिकावा लागला होता. ज्याला आपले हरवलेले घर इतक्या कष्टाने परत मिळते, तो त्याच्या भिंतीला हात लावू देत नाही. शिवाय ते परक्या शहरात आश्रित होते. आपल्यात ईश्वराचे अस्तित्वच अमान्य करणारे लोक आहेत, अशी वदंता पसरली तर ख्रिस्ती अधिकारी काय करतील, याची धास्ती त्यांना होती. तथापि भीती समजून घेणे वेगळे आणि भीतीपोटी केलेला अन्याय मान्य करणे वेगळे. उरिएल दा कोस्ता हा पोर्तो शहरातला बाटलेल्या घराण्यातील गृहस्थ मोठ्या आशेने या समाजात आला आणि शंका विचारल्यामुळे बहिष्कृत झाला. एकाकीपणा असह्य होऊन १६४० साली तो शरण आला, तेव्हा त्याला भर मंदिरात एकोणचाळीस फटके मारण्यात आले आणि उंबरठ्यावर आडवे पाडून लोक त्याच्या अंगावरून गेले. त्यानंतर लवकरच त्याने आत्महत्या केली. त्या वेळी स्पिनोझा सात-आठ वर्षांचा होता. छळापासून पळून आलेल्यांनीच छळाची रीत बरोबर आणली होती.

या समाजातले बहिष्कार बहुधा काही दिवसांचे असत. माफी मागितली की ते मागे घेतले जात. स्पिनोझाने माफी मागितली नाही. तसाच तो ख्रिस्तीही झाला नाही. ही दुसरी गोष्ट अधिक ध्यानात घेण्याजोगी आहे. त्याचे स्नेही बहुतेक प्रॉटेस्टंट पंथांतील उदार वृत्तीचे लोक होते. बाप्तिस्मा घेतला असता तर त्याला समाज, प्रतिष्ठा आणि कदाचित चांगली चाकरीही मिळाली असती. पण एका कुंपणातून बाहेर पडून दुसऱ्या कुंपणात शिरणे त्याला मान्य नव्हते. त्या काळी कोणत्याही धर्मसंस्थेत नाव नसलेला मनुष्य म्हणजे जवळजवळ नागरिकत्वच नसलेला मनुष्य. त्या अवस्थेत तो वीस वर्षे शांतपणे जगला.

उदरनिर्वाहासाठी त्याने भिंगे घासण्याचे काम पत्करले. दुर्बिणी आणि सूक्ष्मदर्शक यांचा तो उमेदीचा काळ होता, आणि ख्रिस्तियान हॉयगेन्ससारख्या शास्त्रज्ञानेही त्याच्या भिंगांची वाखाणणी केली. १६६१ च्या सुमारास तो ऱ्हाइन्सबर्ग या खेड्यात राहावयास गेला, १६६३ मध्ये फोरबर्गला आणि पुढे हेग शहरात. जुन्या चरित्रकारांनी त्याच्या निरिच्छपणाच्या हकिकती नोंदवल्या आहेत. एका श्रीमंत मित्राच्या पश्चात त्याला वर्षाला पाचशे गिल्डर देऊ करण्यात आले, तर त्याने तीनशेच घेतले. बहिणीने वारसाहक्काचा वाद काढला तेव्हा तो न्यायासनापुढे गेला आणि जिंकलाही. मग एक पलंग तेवढा ठेवून बाकी सारे त्याने तिलाच देऊन टाकले. हक्क सिद्ध करावा आणि मग लोभ सोडावा, हा त्यागाचा फार कसोटीचा प्रकार आहे. १६७३ साली हायडेलबर्ग विद्यापीठात प्राध्यापकपद देऊ करण्यात आले. प्रस्थापित धर्माला धक्का लावू नये, अशी अपेक्षा त्यासोबत होती. ती मर्यादा नेमकी कोठपर्यंत हे आपल्याला कळत नाही, असे नम्रपणे कळवून त्याने नकार दिला.

त्याची चिकित्सा मात्र नम्र नव्हती. १६७० साली त्याचा धर्म आणि राज्यसंस्था यांवरील प्रबंध लेखकाच्या नावाविना आणि प्रकाशनाचे खोटे स्थळ घालून प्रसिद्ध झाला. ही सावधगिरी अनाठायी नव्हती. त्याचा स्नेही आद्रियान कूरबाख हा धर्मावर लिहिल्याबद्दल तुरुंगात पडून १६६९ साली तेथेच मेला होता. या प्रबंधात स्पिनोझाने धर्मग्रंथ हा मानवी हातांनी, निरनिराळ्या काळी लिहिला गेला असे दाखवले. मोझेसच्या नावावरील पाच ग्रंथ सर्वस्वी मोझेसचे असू शकत नाहीत, असे त्याने भाषेच्या व इतिहासाच्या आधारे मांडले. कारण ठाऊक नसलेल्या घटनेला आपण चमत्कार म्हणतो, हे त्याने सांगितले. विचाराचे आणि उच्चाराचे स्वातंत्र्य दिल्याने राज्य दुबळे न होता उलट सुरक्षित होते, हा त्या ग्रंथाचा निष्कर्ष आहे. १६७४ साली हॉलंडमध्ये त्यावर बंदी आली.

दोन वर्षांपूर्वीच, २० ऑगस्ट १६७२ रोजी, या स्वातंत्र्याचे पाठीराखे असलेल्या डी विट बंधूंना हेगमध्ये जमावाने ठेचून मारले होते. शांत म्हणून ख्यात असलेला स्पिनोझा त्या दिवशी खवळून उठला. मारेकऱ्यांना रानटी ठरवणारा फलक हत्येच्या जागी लावण्यास तो निघाला होता. घरमालकाने दाराला कुलूप घातले म्हणून तो वाचला. भावनांवर ज्ञानाने विजय मिळवण्याचे शास्त्र रचणारा हा पुरुष दगडाचा नव्हता, हे या प्रसंगावरून कळते.

येथवर ऐकून कोणी म्हणेल की हा तर केवळ खंडन करणारा नास्तिक. त्याच्या काळाने आणि त्यानंतरच्या शंभर वर्षांनी त्याला हेच नाव दिले. पण त्याचा मुख्य ग्रंथ ‘एथिका’ उघडला तर पहिला भाग ईश्वरावर आहे आणि अखेरचा भाग ईश्वरावरील प्रेमापाशी संपतो. त्याची मांडणी भूमितीच्या पुस्तकासारखी आहे : व्याख्या, गृहीतके, सिद्धान्त आणि सिद्धता. अस्तित्वात असलेले मूळ तत्त्व एकच असून त्यालाच ईश्वर म्हणा किंवा निसर्ग म्हणा, आणि आपण सारे त्या तत्त्वाचे प्रकार आहोत, असे तो सांगतो. हा ईश्वर रागावत नाही, नवसाला पावत नाही, बक्षीस देत नाही आणि कोणाचा एकट्याचा नसतो. मनुष्य भीती, आशा, मत्सर यांचा दास असतो, कारण त्यांची कारणे त्याला उमगत नाहीत. ती उमगली की बंध सैल होतात. ऐकीव ज्ञानाच्या वर तर्काचे ज्ञान आणि त्याहून वर एक साक्षात् ज्ञान तो मानतो. त्या ज्ञानात प्रत्येक वस्तू ईश्वरात असलेली दिसते, आणि त्या दर्शनाबरोबर चित्तात जो आनंद उगवतो तोच ईश्वराविषयीचे प्रेम होय. त्या अवस्थेत आपल्यातील काहीतरी कालातीत आहे असा अनुभव येतो, असे हा कठोर तर्कवादी निःसंकोचपणे लिहितो. सद्गुणाचे फळ निराळे मागू नये, सद्गुणी असणे हेच ते फळ, ही त्याची शिकवण निष्काम कर्माच्या विचारावर वाढलेल्या वाचकाला परकी वाटणार नाही.

येथे वेदान्ताची आठवण होणे स्वाभाविक आहे, पण घाईने त्याला आपल्या पंक्तीत बसवणे बरे नव्हे. त्याच्या लेखी जग मिथ्या नाही. ते ईश्वराचेच सत्य रूप आहे. त्याला गुरुपरंपरा नव्हती आणि संन्यासदीक्षाही नव्हती. शिवाय तो सर्वस्वी निर्दोष द्रष्टा होता असेही नाही. त्याच्या अपुऱ्या राहिलेल्या शेवटच्या ग्रंथात त्याने स्त्रियांना राज्यकारभाराचा अधिकार नाकारला आहे. ज्याने इतके पूर्वग्रह जाळले त्याच्या मनातही एक पूर्वग्रह उरलाच होता.

आम्हांला त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रसंग वाटतो तो एका साध्या बाईचा. हेगमध्ये तो ज्या चित्रकाराच्या घरी राहत असे, त्याच्या पत्नीने एकदा विचारले की आपल्या धर्माने आपला उद्धार होईल ना? ती ल्यूथरपंथीय होती. तिच्या धर्मग्रंथाची चिकित्सा करणाऱ्या या भाडेकरूने तिला सांगितले की तुझा धर्म चांगला आहे, तू शांत व भक्तियुक्त जीवन जगत राहा, दुसरा धर्म शोधण्याचे कारण नाही. श्रद्धेच्या नावाने ज्याच्यावर शाप उच्चारले गेले, त्याने दुसऱ्याच्या श्रद्धेला ओरखडा काढला नाही. शंका घेणाऱ्या मनुष्याला अध्यात्माचा स्पर्श झाला की नाही, हे आमच्या मते अशाच ठिकाणी ओळखावे.

२१ फेब्रुवारी १६७७ रोजी फुफ्फुसाच्या विकाराने तो चव्वेचाळीसाव्या वर्षी वारला. मागे सुमारे १६० पुस्तके, थोडे कपडे आणि भिंगे घासण्याची अवजारे राहिली. कुलुपबंद मेजातील हस्तलिखिते मित्रांनी ॲमस्टरडॅमला नेली आणि त्याच वर्षाअखेर, केवळ आद्याक्षरे घालून, छापून काढली. पुढच्याच वर्षी त्यांवरही बंदी आली. पुढे जर्मन कवींनी त्याच्यात ईश्वरमय झालेला पुरुष पाहिला, आणि आइनस्टाइनने १९२९ साली आपला विश्वास स्पिनोझाच्या ईश्वरावर आहे असे कळवले. बहिष्कार मात्र तसाच राहिला. २०१५ साली ॲमस्टरडॅममध्ये या प्रश्नावर विद्वानांची चर्चा झाली, तेव्हाही तेथील धर्मगुरूंनी तो उठवण्यास अनुकूलता दाखवली नाही.

आमच्याकडे चित्र फार निराळे आहे असे म्हणवत नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राच्या विधिमंडळाला २०१६ साली कायदा करावा लागला, यातच सर्व आले. आपले देव ज्यांना रातोरात पालखीतून नदीपार न्यावे लागले, त्या लोकांनी तरी दुसऱ्याच्या मनातील देवाला हद्दपार करताना दहादा विचार करावा. छळाची स्मृती माणसाला दोन वाटा दाखवते. एक वाट भिंत उंच करण्याची, दुसरी दार उघडे ठेवण्याची. ॲमस्टरडॅमच्या समाजाने पहिली वाट धरली. त्याने हाकललेल्या तरुणाने घराबाहेर उभे राहून दुसरी दाखवली, आणि शाप देणाऱ्यांविषयीही त्याने द्वेष बाळगला नाही. आज कोणाच्या घरात एखादा मुलगा वा मुलगी आपल्या रीतिभातींविषयी अवघड प्रश्न विचारीत असेल, तर वडीलधाऱ्यांनी त्याला गप्प करण्यापूर्वी भिंगे घासणाऱ्या या एकाकी माणसाचे स्मरण करावे. प्रश्न विचारणारा दरवेळी देवापासून दूरच चाललेला असतो असे नाही.