पक्ष्यांची चित्रे काढवून घेणारा राजा : तंजावरचे सरफोजी भोसले

तमिळनाडूतील कुंभकोणमपासून तंजावरपर्यंतचा सुमारे ४० किलोमीटरचा रस्ता कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातून जातो. भातखाचरे, कालवे आणि तळी यांनी व्यापलेल्या या भागात बगळे, पाणकावळे, उघड्या चोचीचे करकोचे आणि खंड्या सहज दृष्टीस पडतात. आज पक्षिनिरीक्षणाचा छंद असलेली मंडळी दुर्बीण, कॅमेरा आणि ओळखपुस्तिका घेऊन येथील तळ्यांवर येतात. यांपैकी एकही साधन उपलब्ध नसताना, दोनशे वर्षांपूर्वी, याच प्रदेशाच्या एका मराठी राजाने पक्षी, प्राणी आणि वनस्पती यांची चित्रे काढवून घेण्याचे काम हाती घेतले होते. ते राजे म्हणजे दुसरे सरफोजी भोसले.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले घराण्याच्या एका शाखेत झाला. तंजावरचे राजे तुळजाजी यांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले आणि त्याच वर्षी तुळजाजींचे निधन झाले. तुळजाजींचे बंधू अमरसिंग यांनी गादी आपल्याकडे घेतली. दत्तक मुलाचे बालपण त्यानंतर जवळजवळ नजरकैदेत गेले आणि त्याच्या शिक्षणाकडेही दुर्लक्ष झाले. जर्मन धर्मोपदेशक ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांनी या मुलाची बाजू घेतली आणि त्याला मद्रासला हलविण्याची व्यवस्था केली. तेथे त्याला इंग्रजी भाषेचे व पाश्चात्त्य विद्येचे शिक्षण मिळाले. १७९८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अमरसिंगांना पदच्युत करून सरफोजींना गादीवर बसविले. अमरसिंग कुंभकोणमजवळील तिरुविडैमरुदूर येथे जाऊन राहिले आणि १८०२ मध्ये तेथेच निवर्तले.

गादी मिळाली, परंतु राज्य मिळाले नाही. ऑक्टोबर १७९९ च्या तहान्वये कुंभकोणमसह सर्व मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला. सरफोजींकडे तंजावरचा किल्ला, वार्षिक एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. त्या वेळी त्यांचे वय अवघे २२ वर्षांचे होते. लढाई, न्यायदान आणि वसुली ही राजाची तिन्ही कामे हातून गेलेल्या या तरुणाने पुढील तीन दशके विद्येला वाहिली. त्यांच्या अभ्यासाला छंद म्हणण्याची प्रथा आहे. मात्र ज्याच्याजवळ दुसरे काही करण्याची मुभाच ठेवलेली नव्हती, त्याच्या बाबतीत हा शब्द अपुरा वाटतो.

सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालयाचा विस्तार केला, छापखाना काढला आणि शाळा चालविल्या. १८०६ मध्ये इसापच्या कथांचे मराठी भाषांतर बाळबोध मुक्तावली या नावाने तंजावरात छापले गेले. धन्वंतरी महालात रुग्णांवर उपचार होत आणि नेत्ररोग्यांच्या नोंदी चित्रांसह ठेवल्या जात. राजवाड्याच्या आवारात त्यांनी प्राणिसंग्रहही राखला होता. निसर्गातील जीवांची चित्रे काढवून घेण्याचे काम याच विद्याव्यवहाराचा भाग होते.

त्या काळी पक्षी ओळखणे म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. पकडलेला किंवा मारून आणलेला पक्षी चित्रकारापुढे ठेवला जाई. चोचीचा बाक, पायांचा रंग, पंखांवरील पट्टे आणि शेपटीची लांबी जशीच्या तशी कागदावर उतरविणे हे त्याचे काम असे. अशा चित्रात सौंदर्यापेक्षा अचूकतेला महत्त्व होते, कारण दूरच्या अभ्यासकाला पक्षी कोणता आहे हे त्यावरूनच ठरवावे लागे. देवदेवतांच्या सोनेरी चित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या तंजावरच्या कलावंतांना ही शिस्त नवी होती. कलकत्त्यात लेडी इम्पे यांनी १७७७ नंतरच्या काही वर्षांत शेख जैनुद्दीन आदी चित्रकारांकडून पक्ष्यांची चित्रे करवून घेतली होती. तेथे मालक इंग्रज होते. तंजावरात मात्र हे काम एका भारतीय राजाच्या इच्छेने चालले होते.

स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५८ मध्ये प्राण्यांना दोन शब्दांचे शास्त्रीय नाव देण्याची पद्धत रूढ केली. त्यानंतर कोरोमंडल किनाऱ्यावरील अनेक पक्ष्यांना युरोपात नावे मिळाली. काणूक हे चिमुकले पाणबदक त्याचे चांगले उदाहरण होय. त्याच्या शास्त्रीय नावात कोरोमंडलचा उल्लेख आहे, परंतु १७८९ मध्ये ते नाव देणारे ग्मेलिन हे जर्मनीतील प्राध्यापक होते आणि त्यांनी भारत पाहिलेला नव्हता. याउलट सरफोजी या पक्ष्यांच्याच प्रदेशात राहत होते. बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी १८२६ मध्ये त्यांची भेट घेतली, तेव्हा हा राजा लिनियस आणि बुफाँ यांचे दाखले सहज देतो, याचे त्यांना मोठे नवल वाटले. युरोपीय पाहुण्यांच्या लेखनात हा नवलाचा सूर वारंवार आढळतो. सरफोजींना नेमके काय ठाऊक होते, याची चौकशी तितक्या आस्थेने झालेली दिसत नाही.

या चित्रांपैकी शंभराहून अधिक चित्रांचा एक संग्रह कंपनीचे तंजावर येथील रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांच्याकडे गेला. टॉरिन यांनी तो कंपनीच्या लंडनमधील ग्रंथालयास दिला आणि आज तो ब्रिटिश लायब्ररीत आहे. प्राणिशास्त्रात नामकरणाचा मान प्रथम प्रसिद्ध करणाऱ्यास मिळतो. मेजर जनरल हार्डविक यांनी जमविलेली भारतीय चित्रकारांची चित्रे १८३० ते १८३५ या काळात लंडनमध्ये ग्रंथरूपाने छापली गेली आणि त्यांच्या आधारे नवी नावे रूढ झाली. तंजावरच्या चित्रांना असा ग्रंथ त्या काळी लाभला नाही. स्वतःचा छापखाना असलेल्या राजाच्या बाबतीत हे घडावे, ही बाब मनाला लागते. अर्थात रंगीत चित्रे छापणे हे त्या काळी युरोपातही अतिशय खर्चाचे काम होते.

सरफोजींनी १८२० मध्ये मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रेस प्रस्थान केले. या प्रवासात त्यांनी ग्रंथ जमविले आणि काशीच्या घाटांची चित्रे काढवून घेतली. यात्रेतही त्यांची जिज्ञासा विसावली नव्हती.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजींचे निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजी हे १८५५ मध्ये पुरुष वारसाविना मरण पावले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. त्यानंतर काही वर्षांनी, १८६२ ते १८६४ दरम्यान, मद्रास इलाख्यात सेवा केलेले डॉक्टर जर्डन यांचा भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि देशातील पक्षिशास्त्राला पहिला भक्कम आधार मिळाला.

सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ मध्ये जनतेसाठी खुले झाले. तंजावर दरबाराचे मोडी लिपीतील दप्तर विपुल आहे. त्यातील काही कागदांचे तमिळ भाषांतर तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने प्रसिद्ध केले असून, सावित्री प्रीता नायर यांनी २०१२ मध्ये प्रकाशित झालेल्या इंग्रजी ग्रंथात सरफोजींच्या वैज्ञानिक कार्याची सविस्तर मांडणी केली आहे. मोडी वाचू शकणाऱ्या मराठी अभ्यासकांसाठी हे दप्तर अजूनही मोठे क्षेत्र आहे. तंजावरजवळच्या वडुवूर तलावाला १९९९ मध्ये पक्षी अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात तेथे उत्तरेकडील बदकांचे थवे उतरतात.